संध्याकाळी येणारा ताप

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातला वेस्टमोरलँड हा डोंगरदऱ्यांचा, तळ्यांचा आणि सतत झिमझिमणाऱ्या पावसाचा मुलूख. तिथले गोठे बहुधा दुमजली असत. खाली गुरं, वर गवत. उन्हाळ्यात गवत कापायचं, उन्हाची उघडीप मिळेल तसं वाळवायचं आणि माळ्यावर दाबून भरायचं. मग नोव्हेंबर ते एप्रिल रोज तेच सुऱ्यांनी कापून, दाताळ्यांनी ओढून खालच्या गव्हाणीत टाकायचं. पावसानं गाठलेलं गवत अर्धवट ओलंच आत जाई. हिवाळ्याच्या शेवटी ते उपसताना पांढुरका धुरळा उठायचा आणि बंद माळ्यात बराच वेळ तरंगत राहायचा.

याच भागातल्या जे. एम. कॅम्पबेल या डॉक्टरनं 1932 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. बुरशी आलेल्या गवतात काम केल्यावर काही शेतमजुरांना धाप लागते, खोकला येतो, ताप चढतो, एवढंच त्याचं सांगणं होतं. रुग्ण थोडे होते आणि कारणाबद्दलचा ठाम दावाही नव्हता. मात्र रोग्याच्या छातीइतकंच त्याच्या हातातल्या कामाकडेही डॉक्टरनं पाहिलं होतं. पुढच्या 90 वर्षांत या आजाराबद्दल जे काही कळलं, त्याचा उगम माझ्या मते या साध्या नजरेत आहे.

तोवर हा आजार लपून कसा राहिला, याचं उत्तर त्याच्या वेळापत्रकात आहे. सकाळी गवत उपसणाऱ्या माणसाला त्या वेळी फारसं काही होत नाही. चार ते आठ तासांनी, म्हणजे काम आटोपून घरी आल्यावर, अंग कसकसतं, थंडी वाजते, कोरडा खोकला सुटतो, छाती आवळल्यासारखी होते. एकदोन दिवसांत उतार पडतो. भर हिवाळ्यात असा ताप आलेला माणूस ‘फ्लू झाला’ म्हणेल, दुसरं काय म्हणणार? बरा झाला की तो पुन्हा माळ्यावर चढतो. दम्यात धूळ नाकात गेली की लगेच शिट्टी वाजते, त्यामुळे माणूस कारणाकडे बोट दाखवू शकतो. इथे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये अर्धा दिवस उभा असतो.

दुसरी अडचण त्या काळाच्या समजुतीची. 1930 च्या दशकात छातीचा रोग म्हटलं की क्षय आठवायचा, नाहीतर खाणी आणि दगडफोडीतून येणारा सिलिकोसिस. शेत म्हणजे मोकळी हवा, ताजं दूध आणि प्रकृती सुधारण्याची जागा. या रुग्णांच्या एक्स-रेवर बारीक ठिपक्यांची पखरण दिसली, तरी ती क्षयाच्या एका भयंकर प्रकाराशी इतकी मिळतीजुळती असे की डॉक्टरचं मन तिकडेच धावायचं.

कामाच्या धुळीनं छाती बिघडते हे ज्ञान तसं नवं नव्हतं. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्यानं 1700 साली मोडेना इथे कामगारांच्या रोगांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धान्य चाळणारे आणि मापणारे लोक कसे खोकतात याचं प्रकरण आहे. रोग्याला ‘तू कोणतं काम करतोस?’ हेही विचारलं पाहिजे, असा आग्रह धरणारा हाच तो वैद्य. आइसलंडमध्येही, जिथे जनावरं हिवाळाभर साठवलेल्या गवतावरच जगवावी लागत, अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वेन पॉल्सन या डॉक्टरनं गवतामुळे होणाऱ्या छातीच्या त्रासाची नोंद केली होती. शेतकऱ्यांना तो आधीपासून ठाऊकच होता. पण ज्यांना ठाऊक होतं ते जर्नलमध्ये लिहीत नव्हते, आणि लिहिणारे गोठ्यात जात नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू चित्र पालटलं. डेव्हनमधल्या एक्सेटर इथल्या सी. जे. फुलर यांनी 1953 मध्ये तोवरच्या माहितीचा आढावा घेतला. ‘फार्मर्स लंग’ हे नाव त्या सुमारास रुळलं. अटलांटिकपलीकडे विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचं राज्य. तिथे डिकी आणि रँकिन या डॉक्टरांनी 1958 मध्ये रुग्णांच्या फुप्फुसाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. श्वासनळ्यांपेक्षा खोलवर, जिथे हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरतो त्या वायुकोशांच्या पातळ भिंतींत पेशींची गर्दी झाली होती, लहान गाठी बनल्या होत्या. म्हणजे हा दमा नव्हता. जंतूंची लागणही नव्हती, कारण एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नव्हता. मग त्या धुरळ्यात होतं तरी काय?

या प्रश्नाचा माग ज्या तऱ्हेनं काढला गेला, तो या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग. एका टोकाला लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाशी निगडित संस्थेतले जॅक पेपिस, जन्मानं दक्षिण आफ्रिकेचे. दुसऱ्या टोकाला हार्पेंडनजवळचं रॉथमस्टेड हे 1843 पासून चालू असलेलं शेती संशोधन केंद्र. तिथे फिलिप ग्रेगरी हवेत तरंगणाऱ्या बीजाणूंचा अभ्यास करत होते. पिकांवरचे रोग वाऱ्यानं कसे पसरतात हा त्यांचा मूळ विषय, माणसाच्या छातीशी त्यांचा संबंध नव्हता. ग्रेगरी आणि मॉरीन लेसी यांनी शेतकऱ्यांकडून आलेलं खराब गवत एका छोट्या वातबोगद्यात हलवलं आणि उडणारी धूळ कणांच्या आकारानुसार वेगळी करून मोजली. जे दिसलं ते थक्क करणारं होतं. चांगल्या गवतातून किरकोळ बीजाणू उडत. बुरशी आलेल्या गवताच्या धुळीत मात्र एक मायक्रॉनच्या आसपासच्या, म्हणजे सरळ वायुकोशांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या कणांचा लोंढा होता. अशा गोठ्यात हलकं काम करणाऱ्याच्या फुप्फुसात मिनिटाला सुमारे 7,50,000 बीजाणू अडकू शकतात, असा अंदाज पुढे मांडला गेला.

हे बीजाणू येतात कुठून, हेही त्यांनी गवत मुद्दाम ओलं ठेवून पाहिलं. 16 टक्के ओलावा असेल तर गंजी थंडच राहते. 25 टक्क्यांना ती तापू लागते आणि बुरशी धरते. 40 टक्क्यांच्या आसपास आतलं तापमान 60 ते 65 अंश सेल्सियसपर्यंत चढतं, आणि एरवीच्या बुरश्या जिथे मरतील तिथे उष्णताप्रेमी अ‍ॅक्टिनोमायसीट फोफावतात. हे दिसायला बुरशीसारखे तंतुमय, पण जात जिवाणूंची. पुढे तर गवत थर्मासच्या धर्तीच्या फ्लास्कमध्ये भरून तापवण्याचे प्रयोग झाले. गंजीच्या पोटातली भट्टी टेबलावर आली.

पेपिस यांचं काम रक्ताचं. अगरच्या थरात दोन खड्डे पाडायचे. एकात शेतकऱ्याच्या रक्तातला सीरम, दुसऱ्यात गवताचा अर्क. दोन्ही द्रव पसरत एकमेकांना भेटतात, आणि सीरममध्ये त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर भेटीच्या जागी पांढरी रेघ उमटते. खराब गवताच्या अर्काशी आजारी शेतकऱ्यांचं सीरम ठळक रेघा काढत होतं. पण नेहमीच्या संशयितांचे, म्हणजे साध्या बुरश्यांचे अर्क लावले तर त्या रेघा नीट जुळेनात. रॉथमस्टेडहून आलेले उष्णताप्रेमी जिवाणू लावल्यावर त्या जुळल्या. 1963 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निष्कर्ष छापला गेला तेव्हा लेखकांच्या यादीत लंडनच्या डॉक्टरांशेजारी शेतीवाल्यांची नावं होती. त्या जिवाणूचं नाव शास्त्रज्ञांनी त्यानंतर इतक्यांदा बदललं की जुने लेख वाचताना आपण एकाच जिवाबद्दल वाचतोय ना, अशी शंका येते. हल्ली त्याला सॅकरोपॉलिस्पोरा रेक्टिव्हर्ग्युला म्हणतात. 1960 च्या दशकाच्या मध्याला ब्रिटननं फार्मर्स लंगला नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घेतलं.

पांढऱ्या रेघेनं एक गैरसमजही पेरला. रेघ म्हणजे रोग, असं वाटू लागलं. वास्तविक धुळीत राबणाऱ्या कितीतरी धडधाकट माणसांच्या रक्तातही तीच प्रतिपिंडं सापडतात. ती असणं म्हणजे त्या धुळीशी शरीराची ओळख झाली आहे, इतकंच. आजार उद्भवतो तो थोड्यांनाच, आणि त्यात पांढऱ्या पेशींची, विशेषतः टी-लिम्फोसाइटची कामगिरी मोठी असते, हे नंतरच्या दशकांत फुप्फुस धुवून काढलेल्या द्रवातून स्पष्ट झालं. आणखी एक विचित्र गोष्ट अशी की सिगारेट ओढणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो. 1977 च्या एका शोधनिबंधाचं शीर्षकच तसं होतं. (यावरून कुणी विडी पेटवू नये. आजार एकदा जडला की धूम्रपान करणाऱ्यांची गत चांगली होत नाही.)

शोधाची पद्धत हाती आल्यावर गवतापलीकडे पाहणं सोपं झालं. फ्रान्समध्ये प्लेसनर यांनी 1960 मध्ये गाद्या-उशांसाठी बदकांची पिसं निवडणाऱ्या कामगारांच्या तापाचं वर्णन केलं होतं. आता ते त्याच कुळातलं असल्याचं ध्यानात आलं. मधुमेहाशी नातं नसलेल्या, सतत लघवी होण्याच्या एका विकारावर तेव्हा डुकरांच्या आणि बैलांच्या पिट्युटरी ग्रंथीची पूड तपकिरीसारखी ओढायला देत. ती ओढणाऱ्यांपैकी काहींची फुप्फुसं बिघडली. पुढे प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणाऱ्यांतही उंदरांच्या प्रथिनांमुळे झालेला तसाच आजार पेपिस आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये नोंदवला. बुरसलेलं गवत, पिसं, ग्रंथींची पूड, उंदरांची प्रथिनं: माणसाला परकं असलेलं सेंद्रिय काहीही पुरेसं बारीक होऊन पुरेशा वेळा खोल गेलं तर पुरतं.

आणि मग कबुतरं. 1965 मध्ये चार्ल्स रीड, सॉसमन आणि बार्बी यांनी पुन्हा विस्कॉन्सिनमधूनच कबुतरं पाळणाऱ्यांच्या फुप्फुसरोगाचं पहिलं नेटकं वर्णन केलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या गटानं पक्षी पाळणाऱ्यांचे रुग्ण मांडले. कबुतराच्या पिसांवर मेणचट, पिठासारखी भुकटी असते. ते पंख फडफडवतं तेव्हा ती उडते. वाळलेल्या विष्ठेत त्याच्या आतड्यातली प्रथिनं असतात. शर्यतीची कबुतरं ठेवणारा माणूस सुट्टीच्या दिवशी खुराडी खरवडतो आणि संध्याकाळी तापानं फणफणतो. नमुना अगदी वेस्टमोरलँडचा.

इथवरची कथा व्यवसायाच्या चौकटीत बसत होती. पक्ष्यांनी ती चौकट मोडली. इंग्लंडमधल्या लाखो घरांत पिंजऱ्यात एखादा बजरीगर असे, आपल्याकडचे दुकानदार ज्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात तोच. 1978 मध्ये हेंड्रिक, फॉ आणि मार्शल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की ब्रिटनमध्ये या जातीच्या आजारांचा सर्वांत मोठा वाटा शेतकऱ्यांचा नसून बजरीगर पाळणाऱ्यांचा आहे. ‘काय काम करता?’ या रामाझिनीच्या प्रश्नाला ‘कारकून आहे’ असं खरं उत्तर मिळालं असतं आणि पिंजरा दिवाणखान्यातच राहिला असता.

शिवाय या लोकांना संध्याकाळचा तापही येत नव्हता. हे समजायला डॉक्टरांना सर्वांत जास्त वेळ लागला. आठवड्यातून एकदा भरपूर धूळ खाणाऱ्याला शरीर ओरडून सांगतं. रोज चिमूटभर श्वासात घेणाऱ्याला ते काहीच सांगत नाही. वर्षानुवर्षं थोडी थोडी सूज येत राहते, ती भरून येताना वायुकोशांच्या भिंतींत तंतू साचतात, आणि पातळ पडदा जाडजूड व्रणात बदलतो. हाच फायब्रोसिस. माणूस येतो तो जिना चढताना धाप लागते म्हणून. पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तर कानाशी केसांची बट चोळावी तशी चरचर ऐकू येते. बोटांची टोकं गुबगुबीत झालेली असतात. या टप्प्यावर पक्षी हलवले तरी व्रण मागे फिरत नाही. मेक्सिको सिटीत मोइसेस सेलमन आणि सहकाऱ्यांनी 1980-90 च्या दशकांत असे रुग्ण मोठ्या संख्येनं पाहिले. त्यांत बहुसंख्य बायका होत्या, घरी थोडी कबुतरं पाळणाऱ्या. अंगण झाडणं, पिंजरा धुणं कुणाकडे असतं हे सांगायला नको. ते काम व्यवसाय म्हणून कुठल्या नोंदवहीत चढत नाही, हीच अडचण.

गोठ्यातला आजार दरम्यान पुष्कळ ओसरला होता. वैद्यकाचा त्यात वाटा कमीच. गवत वाळवण्याऐवजी हिरवंच हवाबंद करून मुरवण्याची पद्धत आली. तो मुरघास आज आपल्याकडच्या दूधवाल्यांनाही ठाऊक आहे. त्यात गंजी तापत नाही आणि धुरळाही उठत नाही. पण पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, कोंते नावाचं प्रसिद्ध चीज बनतं. त्याच्या नियमांप्रमाणे गाईंना मुरघास घालायला बंदी आहे. चीज बिघडू नये म्हणून हिवाळ्यात वाळलेलं गवतच द्यावं लागतं. त्यामुळे बेझान्सोंच्या डॉक्टरांना, विशेषतः जाँ-शार्ल दाल्फँ यांना, फार्मर्स लंगचा दीर्घकाळ अभ्यास करता आला. चीजची चव आणि शेतकऱ्याची छाती यांचा असा हिशेब कुठल्या दुकानातल्या वेष्टनावर लिहिलेला नसतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष दुसरीकडे वळलं. फुप्फुस व्रणानं भरतं, सीटी स्कॅनवर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ्या दिसतात, पण कारण सापडत नाही, अशा आजाराला इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात. म्हणजे आपोआप, विनाकारण. खरंच विनाकारण? अमेरिकेत 16 केंद्रांमधल्या 248 रुग्णांची 491 निरोगी लोकांशी तुलना करून बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये निष्कर्ष छापले. गुराढोरांच्या कामात असलेल्यांत या आजाराची शक्यता सुमारे 2.7 पट, पक्षी वाढवणाऱ्यांत 4.7 पट निघाली. अशा आकड्यांवर एकदम विश्वास टाकू नये. आजारी माणूस जुनी धूळ जास्त आठवतो, आणि संख्या लहान असली की अंदाज सैल होतात. पण तऱ्हा तीच पुन्हा पुन्हा दिसत राहिली. 2019 मध्ये अमेरिकन आणि युरोपीय श्वसनतज्ज्ञांच्या संस्थांनी सगळे अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला की या ‘विनाकारण’ आजाराचा 26 टक्के भार कामाच्या ठिकाणच्या धूळ-वाफांच्या नावावर जातो.

बार्सिलोनात फेरान मोरेल यांनी याहून पुढचं पाऊल टाकलं. ‘इडिओपॅथिक’ असा शिक्का बसलेले 46 रुग्ण घेतले आणि प्रश्नावली, रक्त, धुळीचे नमुने, अर्क हुंगवून चाचण्या, असा सारा तपास पहिल्यापासून केला. 2013 मध्ये छापलेल्या निकालात त्यांतल्या 20 जणांचा, म्हणजे 43 टक्क्यांचा, आजार प्रत्यक्षात बाहेरच्या धुळीमुळे झालेला निघाला. बहुतेकांच्या बाबतीत गुन्हेगार पक्ष्यांची प्रथिनं होती, आणि ती येत होती पिसांच्या उशा-रजयांतून. फ्रान्समधल्या पिसं निवडणाऱ्या कामगारांचा रोग अर्ध्या शतकानंतर ग्राहकाच्या बिछान्यात सापडला.

आपल्याकडे या रोगाचं वजन किती, हे वायुकोशांच्या भिंतींच्या आजारांच्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीतून पुढे आलं. 19 शहरांतल्या 27 केंद्रांत 2012 ते 2015 दरम्यान नोंदलेल्या 1,084 रुग्णांपैकी 47.3 टक्क्यांना याच कुळातला आजार असल्याचं निदान झालं. त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी किंवा कामाच्या जागी एअर कूलर होता, ज्याच्या ओल्या पडद्यांत बुरश्या आणि जिवाणू मजेत राहतात. बायोप्सी फार थोड्यांची झाली होती, त्यामुळे हे प्रमाण फुगलेलं असावं अशी टीकाही झाली. कूलर तर अर्ध्या उत्तर भारतात असतो. पण संभाव्य कारणांत पक्षीही होतेच. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून रण पेटलं, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, 6 ऑगस्टला आंदोलकांनी ती काढून टाकली आणि वाद न्यायालयात घुमत राहिला, तेव्हा बहुतेक मराठी घरांत ‘कबुतरांमुळे फुप्फुसं खराब होतात’ हे वाक्य पहिल्यांदा शिरलं असेल. तिथून रोज लोकलला जाणाऱ्या प्रवाशाचा धोका आणि चौकात दिवसभर दाणे विकणाऱ्याचा किंवा विष्ठा खरवडणाऱ्या सफाई कामगाराचा धोका एक नव्हे. दयेबद्दल आणि उपद्रवाबद्दल त्या दिवसांत पुष्कळ ऐकलं. झाडू मारणाऱ्याच्या छातीबद्दल निदान माझ्या कानावर तरी फारसं आलं नाही.

औषधांच्या बाजूनं सांगण्यासारखं थोडं आहे. स्टिरॉइडनं ताजी सूज उतरते. जुन्या व्रणाचं वाढणं निंटेडॅनिब काहीसं मंदावतं, हे 2019 मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. आधीच साचलेला व्रण मात्र ते काढत नाही. डेन्व्हरच्या नॅशनल ज्यूईश रुग्णालयात फर्नांडिस पेरेस आणि सहकाऱ्यांनी जुनाट स्वरूपाच्या 142 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सगळी चौकशी करूनही 53 टक्के रुग्णांत नेमकी कशाची धूळ, ते सापडलं नव्हतं. वय, धूम्रपान, व्रणाचं प्रमाण आणि फुप्फुसांची क्षमता लक्षात घेऊनही, ज्यांचं कारण सापडलं ते इतरांपेक्षा जास्त जगले.